७८ वर्षे, स्टेंट, मधुमेह: प्रोस्टेटच्या रेडिएशनसोबत सहा महिने हार्मोन द्यायचे का?

प्रश्न | दवाखाना_सायंकाळ

रुग्ण ७८ वर्षांचे. पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) १४, ग्लीसन (कर्करोगाच्या उग्रतेचे गुण) ४+३, बायोप्सीच्या १२ तुकड्यांपैकी ७ मध्ये कर्करोग. एमआरआयमध्ये गाठ प्रोस्टेटच्या आतच आहे, हाडांचा स्कॅन स्वच्छ. तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक, एक स्टेंट. औषधं: अॅस्पिरिन, स्टॅटिन, रक्तदाबाची एक गोळी, मेटफॉर्मिन, टॅमसुलोसिन (लघवी मोकळी होण्याची गोळी). एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची चाचणी) १.३. रात्री तीनदा लघवीला उठतात. स्वतःचं सगळं स्वतः करतात, पण गेल्या वर्षभरात दोनदा पडले आहेत.

सल्ला मिळालाय तो असा: २० सिटिंग रेडिएशन आणि हार्मोन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन बंद करणारं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन, तीन महिन्यांचा डोस दोनदा. इंजेक्शन अजून दिलेलं नाही. पुढची देखरेख बरीचशी माझ्याकडेच येणार, म्हणून विचारतो:

हार्मोन वगळलं तर नेमकं काय गमावतो? हृदयाचा धोका खरा किती? आणि द्यायचंच ठरलं तर आधी काय तपासून ठेवू?

उत्तर | किरणविभाग

आधी जोखमीचा गट पक्का करू. पीएसए १० ते २० मध्ये, ग्लीसन ४+३, निम्म्याहून जास्त तुकडे बाधित. म्हणजे मध्यम जोखीम, पण तिच्यातली वाईट बाजू. हे ठरवणं महत्त्वाचं, कारण हार्मोनचा कालावधी यावरच ठरतो. कमी जोखमीत हार्मोन लागत नाही. मध्यम जोखमीच्या वाईट बाजूला ४ ते ६ महिने. उच्च जोखमीत १८ ते ३६ महिने. एकाच नावाखाली हे दोन वेगळे उपचार चालतात आणि त्यांचे दुष्परिणामही वेगळे असतात. इंटरनेटवर वाचून घाबरलेले नातेवाईक बहुतेकदा तीन वर्षांच्या उपचाराचे दुष्परिणाम सहा महिन्यांच्या उपचाराला लावत असतात.

हार्मोन तीन कामं करतं. टेस्टोस्टेरॉन बंद झालं की कर्कपेशींची डीएनए दुरुस्त करण्याची ताकद घटते, त्यामुळे रेडिएशनचा घाव भरून निघत नाही. स्कॅनमध्ये न दिसणारे, बाहेर गेलेले कण दबतात. आणि तीन महिन्यांत ग्रंथी साधारण पाव ते एक तृतीयांश आकसते, मूत्राशय आणि गुदाशयाचा कमी भाग किरणांखाली येतो.

आता काय गमावतो ते. जुन्या, कमी डोसच्या रेडिएशनच्या काळातली आरटीओजी ९४०८ ही रुग्णांवरची तुलनात्मक चाचणी बघा: चार महिने हार्मोन जोडल्यावर दहा वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ५७ वरून ६२ टक्के झालं, आणि फायदा मुख्यतः मध्यम जोखमीच्या गटात दिसला. आजच्या वाढीव डोसच्या रेडिएशनवर तोच प्रश्न आरटीओजी ०८१५ मध्ये विचारला गेला. तिथे पाच वर्षांचं एकूण आयुर्मान दोन्ही बाजूंना जवळपास सारखं, ९० आणि ९१ टक्के. पीएसए पुन्हा वाढणं आणि कर्करोग लांब पसरणं मात्र हार्मोनच्या बाजूला स्पष्ट कमी होतं. म्हणजे फायदा खरा आहे, पण तो हातात पडायला वर्षं लागतात. ती वर्षं या रुग्णाकडे आहेत का, हा खरा प्रश्न.

वयाचं म्हणाल तर १२ चाचण्या आणि १०,८५३ रुग्ण एकत्र करून २०२२ मध्ये जे विश्लेषण आलं, त्यात हार्मोनचा फायदा वयानुसार बदलला नाही. ७८ हा आकडा एकटा काहीच ठरवत नाही. सोबतचे आजार ठरवतात. २०६ रुग्णांच्या एका चाचणीत (रेडिएशन एकटं विरुद्ध सहा महिने हार्मोनसह) २००८ मध्ये एकूण फायदा दिसला, तोही सोबतचे आजार नसलेल्यांत किंवा किरकोळ असलेल्यांत. २०१५ मध्ये सोळा-सतरा वर्षांचा पाठपुरावा आला, तेव्हा मध्यम ते गंभीर सहआजार असलेल्यांत एकट्या रेडिएशनवरचे रुग्ण जास्त जगले होते आणि हृदयविकाराचे मृत्यू त्यांच्यात कमी होते. तो उपगट फक्त ४९ जणांचा होता, हे विसरू नका. त्यावर कायदा करता येत नाही. पण हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णासमोर बसल्यावर तो आकडा डोक्यात ठेवावाच लागतो.

माझं मत असं: या रुग्णात सहा महिन्यांचं हार्मोन पर्याय आहे, सक्ती नाही. जी८ ही वृद्ध रुग्णाची एकूण क्षमता जोखणारी प्रश्नावली भरून घ्या, पाच मिनिटांत होते. १७ पैकी १४ किंवा कमी गुण आले तर वृद्धरोगतज्ज्ञाकडून सविस्तर तपासणी. चौदाच्या वर गुण आणि हृदयतज्ज्ञाचा होकार असेल तर सहा महिने द्या. गुण कमी, हृदय डळमळीत, किंवा रुग्णालाच नको असेल तर २० सिटिंगमध्ये ६० ग्रे (किरणांच्या डोसचं माप) रेडिएशन एकटं देणं हा हलगर्जीपणा नव्हे. ग्लीसन ८ च्या पुढे असता तर मी एवढ्या सहज असं लिहिलं नसतं.

आणखी एक, जे कागदावर क्वचितच येतं. सहा महिने म्हणजे सहाच महिने. थांबायची तारीख पहिल्या दिवशी फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. तीन महिन्यांचं इंजेक्शन "पुढची तारीख" या रकान्यातून आपोआप तिसऱ्यांदा, चौथ्यांदा दिलं जातं, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्या कोणीतरी ठरवलंय.

उत्तर | औषधखिडकी

हृदयाचं मी घेतो.

पुराव्यात गोंधळ आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. २००६ मध्ये ६६ वर्षांवरच्या ७३ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींतून दिसलं की अशी इंजेक्शनं घेणाऱ्यांत मधुमेहाचा धोका ४४ टक्क्यांनी, हृदयधमनीविकाराचा १६ टक्क्यांनी आणि हार्ट अटॅकचा ११ टक्क्यांनी जास्त. २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर मधुमेह आणि हृदयविकाराचा इशारा छापायला लावला. पण २०११ मध्ये यादृच्छिक चाचण्यांतले ४,१४१ रुग्ण एकत्र केले तेव्हा हृदयविकाराचे मृत्यू हार्मोनसह ११.० टक्के आणि हार्मोनविना ११.२ टक्के निघाले. दोन्ही खरं असू शकतं. चाचण्यांत जास्त आजारी माणसं घेतच नाहीत, आणि नोंदींत हार्मोन मिळणारी माणसं मुळातच जास्त आजारी असतात. धोका दिसतो तो मुख्यतः आधीच हृदयविकार असलेल्यांत, आणि तुमचा रुग्ण त्याच रांगेत आहे.

कुठलं औषध, हाही मुद्दा आहे. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही सगळी आधी टेस्टोस्टेरॉन वाढवतात आणि मग बंद करतात. वाढ पहिल्या आठवड्यात, पातळी पूर्ण खाली यायला तीन-चार आठवडे. म्हणून बायकॅल्युटामाइड (टेस्टोस्टेरॉनचं काम अडवणारी गोळी) ५० मिग्रॅ रोज, इंजेक्शनच्या काही दिवस आधीपासून सुरू करून दोन ते चार आठवडे. ग्रंथीच्या आत असलेल्या कर्करोगात ही वाढ मणका दाबण्याइतकी धोक्याची नसते, पण तुमचा रुग्ण रात्री तीनदा उठतो. त्याची लघवी तुंबू शकते. त्याच कामाच्या डेगारेलिक्स (इंजेक्शन) आणि रेलुगोलिक्स (गोळी) यांत ही सुरुवातीची वाढ नाही.

हृदयासाठी ती सुरक्षित आहेत का? रेलुगोलिक्सच्या २०२० मधल्या हीरो चाचणीत ४८ आठवड्यांत मोठ्या हृदयघटना २.९ टक्के, ल्युप्रोलाइडवर ६.२ टक्के. आधी हृदयघटना झालेल्यांत ३.६ आणि १७.८. आकडे डोळ्यांत भरतात, पण ती चाचणी हृदयासाठी आखलेली नव्हती. हृदयविकार असलेल्यांतच मुद्दाम केलेली डेगारेलिक्सची प्रोनाउन्स चाचणी ५४५ रुग्णांवर थांबवावी लागली. वर्षभरात डेगारेलिक्सवर ५.५ टक्के, ल्युप्रोलाइडवर ४.१ टक्के. फरक सिद्ध झाला नाही. त्यामुळे "नवीन औषध म्हणजे हृदय सुरक्षित" असं रुग्णाला सांगू नका.

तरीही मी इथे तीन महिन्यांचा डेपो (हळूहळू सुटत राहणारं इंजेक्शन) टाळेन, कारण वेगळं आहे. टोचलेला डेपो मागे घेता येत नाही. दुसऱ्या आठवड्यात छातीत दुखायला लागलं तरी उरलेले अडीच महिने औषध शरीरात काम करतच राहणार. महिन्याचं इंजेक्शन किंवा रेलुगोलिक्सची गोळी (पहिल्या दिवशी ३६० मिग्रॅ, पुढे रोज १२०) असेल तर थांबवण्याला अर्थ उरतो. हीरो चाचणीत थांबवल्यावर ९० दिवसांत टेस्टोस्टेरॉन परत आलेले रेलुगोलिक्सवर ५४ टक्के, ल्युप्रोलाइडवर ३ टक्के. मात्र गोळी रोज आठवणीने घ्यावी लागते. सलग सात दिवसांहून जास्त चुकली तर पुन्हा ३६० मिग्रॅपासून सुरुवात. विसरभोळा रुग्ण आणि घरी लक्ष द्यायला कोणी नसेल तर इंजेक्शनच बरं. डेगारेलिक्सचा पहिला डोस २४० मिग्रॅ, पोटावर दोन जागी १२० चे दोन, नंतर महिन्याला ८०. टोचल्या जागी लाल, गरम, दुखरं होणं इतकं नेहमीचं आहे की ते आधीच सांगितलं नाही तर रुग्ण संसर्ग समजून अँटिबायोटिक घेऊन येतो.

त्यावरून औषधांची भांडणं:

टेस्टोस्टेरॉन घटलं की ईसीजीतला क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ) लांबतो. त्यावर ऑन्डान्सेट्रॉन, सायटॅलोप्रॅम, अॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, अॅमिओडॅरोन यांपैकी काही चढलं की ठोके बिघडण्याचा धोका बेरजेने वाढतो. रेडिएशनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जुलाब लागतात, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम खाली जातं, ते आणखी वर. लघवीच्या जळजळीवर कोणी सवयीने लिव्होफ्लॉक्सासिन लिहितं आणि मग सगळं एकाच आठवड्यात जमून येतं. जळजळ बहुधा किरणांची असते. आधी लघवीचं कल्चर करा. जुलाबावर लोपेरामाइड नेहमीच्या डोसात चालतं, वाढवत नेऊ नका.

अॅझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, व्हेरापॅमिल यांनी रेलुगोलिक्सची रक्तातली पातळीही वाढते. अँटिबायोटिक थोडेच दिवस लागणार असेल तर रेलुगोलिक्स दोन आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. वॉरफरीन चालू असेल तर बायकॅल्युटामाइडने आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचं माप) वर जातो. इथे अॅस्पिरिनच आहे, पण रेडिएशननंतर शौचावाटे रक्त दिसण्याची शक्यता त्याने वाढते. रक्त दिसलं म्हणून रुग्णाने स्वतःहून अॅस्पिरिन बंद करू नये, स्टेंट आहे. हे त्यांच्या घरच्यांनाही सांगा. गोसेरेलिन निवडलं तर त्याची सुई जाड असते. अॅस्पिरिनवरच्या रुग्णाच्या पोटावर ती जागा नंतर नीट दाबून धरायची.

पहिल्या डोसआधी: ईसीजी (क्यूटीसी, म्हणजे ठोक्यांच्या वेगानुसार सुधारलेला क्यूटी, लिहून ठेवा), रक्तदाब, लिपिड, एचबीए१सी, यकृत, क्रिएटिनीन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, सकाळचं टेस्टोस्टेरॉन. शेवटचं बहुतेक जण विसरतात आणि नंतर "परत आलं का" याला मोजपट्टीच राहत नाही.

प्रश्नकर्ता | दवाखाना_सायंकाळ

आभार. थांबायची तारीख आणि डेपोचा मुद्दा लगेच कळवतो. हाडांचं कोणी सांगाल? दोनदा पडलेत, म्हणून तीच भीती जास्त वाटते. डेक्सा (हाडांच्या घनतेचा स्कॅन) केला, कमरेच्या मणक्याचा टी-स्कोअर (तरुण हाडाशी तुलनेचा आकडा) उणे १.१ आलाय, म्हणजे ठीकच म्हणायचं?

उत्तर | हाडंसांधे

मणक्यावर विश्वास ठेवू नका. या वयात कमरेच्या मणक्यांना झिजेमुळे काटे फुटलेले असतात, महाधमनीत चुना साचलेला असतो. यंत्र ते सगळं हाड म्हणून मोजतं आणि आकडा फुगतो. खुब्याच्या मानेचा टी-स्कोअर बघा. तोही वाचण्यासारखा नसेल तर मनगटाकडच्या हाडाचा मागा. उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडाचं औषध लागेल. उणे १ ते २.५ मध्ये असेल तर फ्रॅक्स (फ्रॅक्चरच्या धोक्याचं गणित) काढा. त्यात हार्मोन उपचार दुय्यम ऑस्टिओपोरोसिस म्हणून भरता येतो. दहा वर्षांत खुबा मोडण्याची शक्यता ३ टक्के किंवा मोठ्या फ्रॅक्चरची २० टक्के आली तरी उपचार.

धोक्याचं माप: पन्नास हजारांहून अधिक पुरुषांच्या २००५ मधल्या अभ्यासात, निदानानंतर किमान पाच वर्षं जगलेल्यांत, हार्मोन मिळालेल्यांपैकी १९.४ टक्क्यांना फ्रॅक्चर झालं, न मिळालेल्यांपैकी १२.६ टक्क्यांना. डोस जितके जास्त तितका धोका जास्त. सहा महिन्यांत होणारी झीज थोडी असते, पण सर्वात वेगाने होते ती पहिल्याच वर्षात. त्यावर ओटीपोटाचं रेडिएशन. लसिका ग्रंथींचाही भाग किरणांत घेतला असेल तर माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत बारीक तडे जाऊ शकतात. उपचारानंतर काही महिन्यांनी कंबर-पुठ्ठा दुखायला लागला की घरच्यांना थेट "हाडात पसरला" असं वाटतं. एमआरआय आधी, निष्कर्ष नंतर.

औषध लागलंच तर निवड विचारपूर्वक. डेनोसुमॅब ६० मिग्रॅ दर सहा महिन्यांनी, पुरावा पक्का: १,४६८ पुरुषांत तीन वर्षांत मणक्याचं नवं फ्रॅक्चर ३.९ वरून १.५ टक्क्यांवर आलं. पण ते मध्येच सोडलं की हाड झपाट्याने झिजतं, एकापाठोपाठ मणके दबू शकतात. सहा महिन्यांच्या हार्मोनसाठी डेनोसुमॅब सुरू करणं म्हणजे छोट्या कामासाठी न संपणारी वर्गणी. मूत्रपिंड साथ देत असेल तर वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अॅसिड. क्रिएटिनीन १.३ दिसायला बरं, पण ७८ व्या वर्षी वजन धरून क्लिअरन्स (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) काढा; ३५ च्या खाली असेल तर ते देऊ नका. दोन्हींच्या आधी दंतवैद्य. दात काढायचे असतील तर आधी काढून जखम भरू द्या, नाहीतर जबड्याचं हाड सडण्याचा धोका. ड जीवनसत्त्व कमी असताना यातलं काहीही दिलं तर कॅल्शियम धाडकन उतरतं, हाताला मुंग्या येतात. आधी ते भरून घ्या. कॅल्शियम आहार धरून दिवसाला १००० ते १२०० मिग्रॅ, ड जीवनसत्त्व ८०० ते १००० युनिट. आहारात पुरेसं मिळत असेल तर वर गोळी नको.

आता पडणं. माझ्या दृष्टीने या केसमध्ये हाडाइतकंच महत्त्वाचं. टॅमसुलोसिनने उभं राहताना रक्तदाब पडतो. हार्मोनने रात्री घामाच्या लाटा येतात, झोप मोडते. रेडिएशनच्या मध्यावर तीनदाचं पाचदा होतं. अंधारात, घाईत, पाचदा. वर मांडीचे स्नायू काही महिन्यांतच कमी व्हायला लागतात, कारण टेस्टोस्टेरॉन नाही. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी रक्तदाब घ्या. वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर रक्तदाबाच्या गोळीची वेळ आणि डोस बदला. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत बसायला १२ सेकंदांहून जास्त लागले तर फिजिओथेरपी हार्मोनच्या आधी सुरू करा, नंतर नव्हे. आठवड्यातून दोन-तीनदा वजन किंवा इलॅस्टिक पट्टा वापरून पायांचे व्यायाम. नुसतं फिरणं हृदयाला चांगलं, पण मांडीला पुरत नाही. रात्री पलंगाशेजारी लघवीचं भांडं. हे सांगायला कोणाला लाज वाटते आणि मग खुबा मोडतो.

उत्तर | सरळ_मुद्दा

७८ वर्षं, हार्ट अटॅक, मधुमेह. रेडिएशन तरी कशाला? नुसतं लक्ष ठेवा.

उत्तर | किरणविभाग

पाच वर्षांहून कमी आयुष्य अपेक्षित असतं आणि त्रास काहीच नसता तर मीही तेच म्हणालो असतो. पण हा माणूस स्वतःचं सगळं स्वतः करतो, एका स्टेंटवर तीन वर्षं व्यवस्थित आहे. अशा माणसाची दहा वर्षं सहज असू शकतात, आणि ग्लीसन ४+३ दहा वर्षं शांत बसेल याची खात्री नाही. जी८ त्यासाठीच सांगितला. अंदाज वयावरून बांधू नये.

प्रश्नकर्ता | दवाखाना_सायंकाळ

शेवटचं. सुरू झाल्यावर कधी काय बघू? आणि घामाच्या लाटांवर काय देता?

उत्तर | औषधखिडकी

महिन्याने: रक्तदाब, साखर, पोटॅशियम, यकृत (बायकॅल्युटामाइड असेल तर), ईसीजी पुन्हा. तिसऱ्या महिन्यात एचबीए१सी, लिपिड, हिमोग्लोबिन, पीएसए आणि टेस्टोस्टेरॉन. टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असायला हवं. नसेल तर दुष्परिणाम सोसूनही फायदा अर्धवट, इंजेक्शन नीट बसलं का ते बघा. हिमोग्लोबिन ग्रॅमभर उतरणं अपेक्षित, त्याला लोह लागत नाही. दोन-तीन ग्रॅम उतरलं तर हार्मोनवर ढकलू नका, रक्तस्राव शोधा. स्टेंटवाल्याला ९ च्या हिमोग्लोबिनवर छातीत दुखू शकतं.

साखर वाढली की मेटफॉर्मिनवर दुसरं औषध चढवावं लागेल. ग्लिमेपिराइडसारखं साखर खाली पाडणारं शक्यतो टाळा, हे रुग्ण आधीच पडताहेत. पायोग्लिटाझोन नको, हृदय आणि हाड दोन्हीकडून नको. आणि हार्मोन संपून टेस्टोस्टेरॉन परतायला लागलं की वाढवलेले डोस पुन्हा तपासा. ते कोणीच कमी करत नाही.

घामाच्या लाटा सोसण्यासारख्या असतील तर औषध नको. नसतील तर व्हेनलाफॅक्सिन कमी डोसात, पण रक्तदाब आणि क्यूटी बघून. गॅबापेंटिनने गुंगी येते, दोनदा पडलेल्या माणसाला रात्री ते मी देणार नाही. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन २० मिग्रॅ चांगलं चालतं, मात्र हृदयविकार असलेल्यात गुठळीचा विचार करून, थोडेच दिवस. मन खचलेलं दिसलं तर "वयामुळे" म्हणून सोडू नका, विचारा. उदासी हाही या औषधाचा परिणाम आहे.

थांबवल्यानंतर पीएसए आणि टेस्टोस्टेरॉन जोडीनेच मागवा. या वयात टेस्टोस्टेरॉन परतायला वर्ष लागू शकतं, काहींत पूर्ण परततही नाही. ते परतताना पीएसए ०.१ वरून ०.६ वर गेला की घरचे घाबरतात. ग्रंथी शरीरातच आहे, थोडा पीएसए ती बनवणारच. सर्वात खालच्या आकड्यापेक्षा २ ने वर गेला तर पुनरावृत्ती धरायची. त्याआधी पुन्हा इंजेक्शन सुरू करू नका.